उभ्या गाडीचं जू

खर्ड्याजवळच्या एका वाडीतली भीमाबाई लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ऊसतोडीला जात होती. दिवाळी झाली की नवरा पुंजाराम बैलगाडी जुंपायचा. भांडीकुंडी, कोंबड्या, ज्वारीचं पोतं वर चढायचं आणि आठवडाभराची वाट तुडवून दोघं पाटपाण्याच्या भागातल्या साखर कारखान्यावर पोचायची. एकदा टोळीत नाव लागलं की हंगाम संपेपर्यंत सुटका नसे. अंगात ताप असला तरी फडात उतरावं लागे. तिला त्याची इतकी सवय झाली होती की ती त्याबद्दल बोलतही नसे.

एकाहत्तरच्या हंगामात त्यांच्या खैऱ्या बैलाचा खांदा जुवानं घासून आला. आधी नुसती सूज होती, मग कातडं फाटलं. आठ दिवस मानेवर जू ठेवलं नसतं तर तो बरा झाला असता. पण बैल थांबला की गाडी थांबते, गाडी थांबली की तोडलेला ऊस फडात वाळतो, आणि मग मुकादम काकासाहेब पाचटाच्या कोपीच्या दारात येऊन उभा राहतो. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याच्याही दारात कारखान्याची माणसं येऊन उभी राहत. भीमाबाई जुन्या लुगड्याची घडी जुवाखाली धरून गाडीबरोबर चालत राहिली. एके दिवशी दुपारी चढावर खैऱ्या बसला तो पुन्हा उठला नाही. मागच्या गाड्या बाजूनं निघून गेल्या. गाडीवानांनी मान वळवून पाहिलं, पण कुणालाच थांबता येत नव्हतं. भीमाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. थोड्या वेळानं पुंजाराम हलक्या आवाजात म्हणाला की ऊस दुसऱ्या गाडीत भरायचाय. ती उठली आणि मोळ्या उचलू लागली.

बहात्तरला पाऊस झालाच नाही. कधी कोयता हातात न धरलेली माणसं त्या वर्षी टोळीत आली. त्यांत मिरजगावकडचा सहादेव होता. घरची जमीन असलेला, पंचविशीतला. घोडेगावच्या बाजारात घेतलेली त्याची जोडी त्याला ओळखत नव्हती, तोही तिला ओळखत नव्हता. पावलापावलाला तो पराणीची आर टोचायचा. भीमाबाईनं भावाकडचा बैल आणून आपली जोडी पुरी केली होती. तिनं सहादेवला चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या कोपीपुढं गेली.

ती त्याला रागावली नाही. तिनं त्याचा हात धरून बैलाच्या मानेवर ठेवला आणि कुठं गरम लागतं ते सांग म्हणाली. त्याला काही कळेना. मग एका जागी बैल शहारला, तसा त्यानं हात मागं घेतला.

"रोज सकाळी एवढंच कर," भीमाबाई म्हणाली. "बाकीचं मागून."

खांद्याच्या जखमेचं औषध टोळीत सगळ्यात चांगलं दगडाबाईला ठाऊक होतं. पण ती महारवाड्यातली. तिची कोप लांब, ओढ्याच्या पलीकडं होती आणि तिचा हात आपल्या बैलाला लागलेला काहींना चालत नव्हता. भीमाबाई आपला बैल घेऊन दगडाबाईकडं गेली, सगळ्यांच्या देखत. ज्याला औषध हवं त्यानं इथंच यायचं, एवढंच तिनं सांगितलं. दोघं-तिघं आले. सहादेव बरेच दिवस आला नाही. बैलाच्या जखमेत पू झाला तेव्हा आला.

सगळ्यात मोठा जाच कारखान्याच्या दारात होता. वजनाच्या रांगेत गाड्या सहा-सहा तास उन्हात उभ्या राहत आणि भरल्या गाडीचं ओझं तेवढा वेळ बैलांच्या मानेवर असे. बैल सोडले आणि तेवढ्यात रांग सरकली तर मागचा पुढं घुसायचा, नंबर जायचा. म्हणून कुणीच सोडत नसे. भीमाबाई कोपीकोपीतून फिरली. सगळ्यांनी एकदम सोडले तर कुणाचाच नंबर जाणार नाही, हे तिनं प्रत्येकाला सांगितलं. बायकांना पटलं. पुरुष बरं बरं म्हणाले.

ठरलेल्या दिवशी तिनं आणि पुंजारामनं दांडीला टेकण लावून बैल सोडले. मागं दगडाबाईनं सोडले. बाकी कुणी हललं नाही. काकासाहेबानं ओरडून सांगितलं की सुटलेल्या गाडीचा नंबर धरला जाणार नाही. रांग सरकली आणि पहिली गाडी त्या दोघींना ओलांडून गेली ती सहादेवची. त्याची नजर खाली होती. त्या दोघींचं वजन दिवस मावळताना झालं.

पुंजाराम त्या दिवशी चिडला. ज्यांना शिकवतेस तेच तुला मागं टाकतात, म्हणाला.  दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाबाई गोणपाटाची गादी घेऊन सहादेवच्या कोपीपुढं उभी राहिली. जुवाखाली ती कशी बांधायची ते तिनं दाखवलं. कालचा विषय तिनं काढला नाही. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"काकू, मला भ्या वाटलं."

"मलाबी वाटतंय," ती म्हणाली. "भ्या वाटू दे. हातानं शिवळा काढायच्या."

त्या दुपारी रांगेत सहादेवनं जुवाच्या शिवळा, बैलाची मान अडकवणाऱ्या खुंट्या, काढल्या आणि बैल मोकळे केले. त्याच्यामागं आणखी पाच गाड्या सुटल्या. आठवड्याभरात निम्मी रांग बैल सोडून उभी राहू लागली. बैल सुटलेल्या इतक्या गाड्या मागच्यांना ओलांडता येईनात आणि कारखान्याच्या ट्रकांची वाट अडू लागली. तेव्हा दारावरच्या कारकुनानं नंबराचे पत्र्याचे बिल्ले वाटले. बिल्ला असला की बैल सोडा वा जुंपून ठेवा, नंबर तोच. बैलांच्या दयेपोटी हे झालं नव्हतं, हे भीमाबाईला ठाऊक होतं. तरी बिल्ला हातात घेऊन ती तो बराच वेळ उलटसुलट करत राहिली.

गाडीतलं ओझं मात्र एका मोळीनंही कमी झालं नाही. त्यासाठी ती पुढंही तीन हंगाम तोंड वाजवत राहिली. काकासाहेब म्हणायचा, माझ्या हातात काय आहे, आणि ते खरंच होतं. पाण्याअभावी त्या दुष्काळी साली ऊस लवकर संपला, कारखाना बंद झाला आणि टोळ्या परतल्या. वाडीत चारा नव्हता. भीमाबाईनं जोडी गुरांच्या सरकारी छावणीत नेऊन बांधली आणि स्वतः खडी फोडायच्या कामावर गेली.

पुढच्या दिवाळीला पुंजारामनं विचारलं, या साली घरीच राहतेस का. तिनं रिकाम्या कणगीकडं पाहिलं आणि भांडी गाडीत ठेवायला लागली.

कारखान्यावर पोचल्यावर तिला दिसलं की ओढ्याजवळ सहादेव एका नव्या गाडीवानाचा हात बैलाच्या मानेवर ठेवून उभा आहे. तो माणूस वैतागला होता, त्याला फडात जायची घाई होती. भीमाबाई तिकडं गेली नाही. तिला कोप बांधायची होती आणि उद्या पहाटेपासून तोड सुरू होणार होती.