गंधार कोमल, चाल जलद

“मायनर हाये ना नक्की?” चर्चच्या सेक्रेटरींनी परत विचारलं.

“मायनरच आहे. हे बघा.” मी ऑर्गनवरचं पुस्तक त्यांच्यापुढं केलं.

साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्याच्या आमच्या चर्चमध्ये सिस्टर सुलभाचं लग्न होतं. ती अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्स होती. नवरा बडनेऱ्याला रेल्वेत फिटर. सुलभा विधवा. चर्चच्या पंचांनी लग्नाला परवानगी दिली, पण अट घातली की नवरी आत येताना नेहमीची मिरवणुकीची चाल वाजणार नाही. सुलभानं निरोप पाठवला, मी मुकाट्यानं आत येणार नाही. शेवटी पाळकसाहेबांनी तोड काढली. काहीतरी गंभीर, मायनरमधलं, म्हणजे कोमल गंधाराचं, संथ वाजवावं. ते शोधायचं काम माझ्याकडं आलं. मी आठवडाभर लोकांच्या पेट्या दुरुस्त करायचो आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचो. ऑर्गन म्हणजे मोठ्या नळ्यांचा नव्हे. आपल्या पायपेटीचा थोरला भाऊ. दोन्ही पायांनी भाता मारायचा, दोन्ही हातांनी वाजवायचं.

मी निवडलेली रचना बरोक काळातली होती, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीची. जेमतेम पानभर. पट्टी पांढरी दोन, गंधार कोमल. उजवा हात एक वाक्य बोलतो आणि डावा मागून तेच वाक्य बोलत त्याच्या पाठी लागतो. वर वेग लिहिलेला नव्हता. त्या काळी बहुधा लिहीत नसत. सुरांच्या बांधणीवरून वाजवणाऱ्यानं तो ओळखायचा. ही बांधणी सरळ नाचाची होती. संथ वाजवली की ती रडायची. तिच्या खऱ्या वेगात मान वर करून चालायची.

मायनर म्हणजे दुःख, हे सेक्रेटरींचं गणित. आपल्याकडे काफी रागात होळी गातात. तिथंही गंधार कोमलच असतो, कुणी रडत नाही.

हे मी त्यांना सांगितलं नाही. तालमीत संथ वाजवलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अगदी शेवटच्या सुरावटीत गंधार शुद्ध होतो आणि रचना मेजरमध्ये संपते. मी तोही कोमलच ठेवला.

“हे बरं हाये,” सेक्रेटरी म्हणाले. “विधवेच्या लग्नाले शोभते.”

पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुमच्या शब्दावर सोडतो, मास्तर.”

त्या हाताचं वजन मला अजून जाणवतं.

सुलभा मागच्या बाकावर बसून ऐकत होती. ती ऑर्गनपाशी आली.

“भाऊ, माह्या पैल्या मालकाच्या मयतीलेही तुमीच वाजवलं होतं. आता लग्नालेही मयतीचंच का?”

“पट्टी पंचांनी ठरवलीय.”

“अन् मी कसं चालावं, हे कोन ठरवनार?”

सेक्रेटरी दारातच उभे होते. मला खरं बोलता येईना. मी विचारलं, “तू एरवी कशी चालतेस?”

“वार्डात चालते तशी. पेशंट वाट पाहून राहिला असते.”

“मग तशीच ये.”

तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. विश्वास बसलेला दिसला नाही. “पाहू,” म्हणाली आणि गेली.

लग्नाच्या दिवशी ती आईचा हात धरून दारात उभी राहिली. ऑर्गनवर एक छोटा आरसा असतो, पाठीमागचं दिसावं म्हणून. त्यात ती दिसली, आणि पुढच्या बाकावरचे सेक्रेटरीही. मी भाता मारला आणि वॉर्डातल्या चालीनं पहिलं वाक्य वाजवलं. ती जागची हलली नाही. डाव्या हातानं तेच वाक्य उचललं, तशी तिची मान वर झाली आणि ती निघाली. आईलाही पाय उचलावे लागले. सेक्रेटरींनी वळून पाहिलं. मग तळहात खालीवर करून मला खुणावलं, हळू, हळू. मी आरशातून नजर काढली. सुलभा वेदीपाशी पोचली तेव्हा मी शेवटच्या सुरावटीवर होतो. या वेळी गंधार शुद्ध वाजवला आणि भात्यातली हवा संपेपर्यंत धरून ठेवला.

लग्न लागल्यावर सेक्रेटरी पाळकसाहेबांना घेऊनच आले.

“मास्तर, हे काय वाजवलं तुमी?”

“तालमीतलंच.”

“अन् शेवटी मेजर काहून?”

“छापलेलं आहे. वाचून घ्या.”

सबब माझ्याकडं तयार होती. जुना भाता गळत होता, संथ वाजवलं की लांब सूर मध्येच मरायचे. ते खरंही होतं. पण ती सांगितली असती तर सुलभाची चाल भात्याच्या दोषामुळं झाली असती.

“मुद्दाम वाजवलं,” मी म्हणालो. “परत बसवलंत तर परत असंच वाजवीन.”

पाळकसाहेब पुढं झाले. “तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, मास्तर.”

“सांगितलं असतं तर वाजवू दिलं असतं?”

त्यांनी विचार केला. “नाही,” म्हणाले.

पुढच्या रविवारपासून ऑर्गनवर दुसरा माणूस बसला. मला फक्त भाता दुरुस्त करायला बोलावलं. मी गेलो, आणि नीट दुरुस्त केला. पाळकसाहेबांनी माझ्या शब्दावर सोडलं होतं आणि मी त्यांना फसवलं, हे मनातून जात नाही. त्या वेगाबद्दल मात्र मला कधी वाईट वाटलं नाही. पट्टी पंच ठरवू शकतात. वेग कागदावर लिहिलेला नसेल तर तो वाजवणाऱ्याला ठरवावा लागतो, आणि नंतर उत्तरही त्यालाच द्यावं लागतं.