मुहूर्तमेढीचा दगड

देवासचं आमचं घर चुलत्यांनी विकलं तेव्हा तो वाडा होता. आता त्याला हवेली म्हणतात. नव्या मालकानं डागडुजी करून ती लग्नांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. डागडुजी सुरेख झाली आहे, हे कबूल करावं लागतं, आणि तेच मला जास्त टोचतं.

लेकीचं लग्न तिथेच करायचं, हा हट्ट अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. चौकात तुळशीशेजारी जमिनीत बसवलेला एक दगड होता, मधोमध भोक पाडलेला. घरातल्या प्रत्येक लग्नाची मुहूर्तमेढ त्या भोकातून खालच्या मातीत रोवली गेली. आत्यांची, माझीसुद्धा. नातीचीही तिथेच लागावी, एवढंच त्यांना हवं होतं. बुकिंग करताना मी मॅनेजरला विचारलं होतं. "सब हो जाएगा, दीदी," म्हणाला. त्याचं काय जातं म्हणायला!

लग्नाच्या सकाळी सवाष्णी हळदकुंकू घेऊन चौकात आल्या, तर सगळीकडे गुळगुळीत फरशी. अण्णा काठीनं ठोकत तुळशीची जागा शोधत होते आणि मॅनेजर त्यांच्या मागे मागे, "अंकलजी, निशान पड़ जाएँगे." खणायला मनाई होती. त्यानं वाळू भरलेली प्लास्टिकची बादली आणून दिली, वरून सोनेरी कापड गुंडाळलेली. मला असा संताप आला की ती बादली त्याच्या डोक्यावर पालथी घालावी.

"आई, आजोबांना समझाव ना, फोटोग्राफर रुकलाय," लेक म्हणाली.

समजावलं. आंब्याचा टहाळा बांधलेली मेढ बादलीत उभी राहिली, जरा कलतीच.

जेवणाच्या वेळी अण्णा दिसेनात. शेवटी मागच्या हिरवळीवर सापडले, सूपच्या टेबलाजवळ. टेबलावर मोठी छत्री होती आणि तिचा दांडा आमच्या दगडाच्या भोकात घट्ट बसवला होता. भोकाभोवती कोरलेलं कमळ मी लगेच ओळखलं.

"बघ," अण्णा म्हणाले, "आपल्या दगडात छत्री चालते."

मंगलाष्टकांतल्या थोड्या अक्षता त्यांनी मुठीत राखून ठेवल्या होत्या. वाकून त्यांनी त्या दगडावर वाहिल्या आणि हात जोडले. सूपवाल्याला वाटलं, काही सांडलं. त्यानं फडक्यानं दगड स्वच्छ पुसला आणि वाटी पुढे केली.

"बाबूजी, टमाटर का लेंगे या स्वीट कॉर्न?"