उजव्या हाताची खिडकी

आईने नागपूरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. पिवळ्या नदीची वळणं ती नकाशा न बघता फळ्यावर काढायची, पण नदी तिने पाहिलेली नव्हती. निवृत्त झाल्यावर तिने जाहीर केलं, चीनची जुनी शहरं बघायची आणि तीही रेल्वेने. विमानाने गेलं की मधला देश दिसत नाही. टूर कंपनी तिला नको होती. "थालीपीठ खायला चीनला कशाला जायचं?" तिला बरोबर मी हवा होतो.

मी अमेरिकेत, सनीव्हेलमध्ये चिप डिझाइन करतो आणि ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहे. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत केव्हाच संपली. इथे राहायला, नोकरी करायला अडचण नाही. पण एकदा देशाबाहेर पडलं की भारतात जाऊन नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता येत नाही. तो कुणाला आठवड्यात मिळतो, कुणी महिनोन् महिने अडकतो, आणि नोकरी तेवढी थांबत नाही. आमच्यातले बहुतेक असेच जगतात. घर, लग्न, म्हातारे आईवडील, सगळ्याला एकच उत्तर: कार्ड येऊ दे. मी आईला तेवढंही खरं सांगितलं नाही. "प्रोजेक्ट आहे गं, पुढच्या वर्षी नक्की," असं चार वर्षं म्हणत राहिलो. भीती वाटते म्हणायची लाज वाटत होती.

"दात आहेत तर चणे नाहीत," ती फोनवर हसून म्हणायची आणि विषय बदलायची.

या वर्षी ती सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली. शनिवारी सकाळी पोह्यांच्या बशा सारून आम्ही प्रवास आखायला बसायचो. बीजिंग, पिंग्याव, शिआन, लोयांग. आखायला मी कधी नाही म्हटलं नाही. आखणीला शिक्का लागत नाही. पिंग्यावहून शिआनला जाताना गाडी पिवळी नदी ओलांडते, हे तिनेच शोधून काढलं होतं. पुलावर गाडी किती सेकंद असेल, हे गणित तिने माझ्याकडून दोनदा करून घेतलं.

घरात ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. दुकानात शेजारून येणाऱ्या बाईला धडकली, तेव्हा मी चिडलो. "आई, लक्ष कुठे असतं तुझं?" जागा नवीन आहे, म्हणाली. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालायची. इथली हवा कोरडी आहे, म्हणाली. मला ते सोयीचं होतं, म्हणून मी मानलं.

एका शनिवारी मी तिला लॅपटॉपवर त्या गाडीच्या डब्याचा नकाशा दाखवत होतो. "विंडो कुठली घ्यायची, लेफ्ट की राइट?"

"उजव्या हाताची," ती लगेच म्हणाली. "डावीकडची फुकट जाईल."

मला कळलं नाही. तिने वही मिटली. "काचबिंदू आहे मला. डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजवा किती टिकेल, डॉक्टर नक्की सांगत नाहीत."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू निघाला असतास. तुझा शिक्का संपलाय, ते मला माहीत आहे. शेजारच्या काकूंचा मुलगाही इथेच, याच रांगेत आहे ना."

मी म्हणालो, जाऊ आपण, दोघं जाऊ, शिक्क्याचं काय व्हायचं ते होईल. ती शांतपणे म्हणाली, "तू शेजारी बसून सारखा तेच मोजत बसशील. मग मला तुझं तोंडच दिसेल, नदी नाही दिसणार." तिच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाई यायला तयार होत्या. तिने त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं.

मी हट्ट करायला हवा होता. केला नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

आई नागपूरला परतली. बुकिंग सुरू झालं तेव्हा तिकिटं मीच काढली. उजवी खिडकी आईला घेतली. तिच्या डाव्या हाताला, जिथून तिला काही दिसत नाही, तिथे कुणीतरी ओळखीचं हवं होतं. त्या सीटवर मी बाईंचं नाव घातलं. चार वर्षं तिने ती जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती.