फोन मी धरायचा

आमच्या कॉलनीतलं वाचन मंडळ सतरा वर्षं चालू आहे. नगरला सावेडीत आमची जुनी कॉलनी, आणि दर गुरुवारी दुपारी चार वाजता माझ्या हॉलमध्ये आम्ही बसतो. सुरुवातीला पुस्तकाची एकच प्रत मिळायची, म्हणून एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असं ठरलं. पुढं प्रत्येकीला स्वतःची प्रत घेणं जमायला लागलं, तरी ऐकायची सवय काही सुटली नाही. कारण वाचायची ती सिस्टर.

सिस्टर म्हणजे माझी मैत्रीण. समोरच्याच घरात राहायची. मोठ्या दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाली, तरी अख्खी कॉलनी तिला सिस्टरच म्हणायची. लहानपणापासून चर्चमध्ये उभं राहून वाचायची तिला सवय. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे तिला कुणी सांगावं लागायचं नाही. माझं उलट. भूमी अभिलेखच्या ऑफिसात मी आयुष्यभर उतारे तपासले, त्यामुळे पुस्तकातही आधी चूक शोधते. ती वाचायची आणि मी भांडायचे, असं आमचं चालायचं. बाकीच्या दोघी-तिघी चहा पीत ऐकायच्या आणि मध्येच एखादी असं काही बोलायची की आम्ही दोघी गप्प.

दीड वर्षापूर्वी सिस्टरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगी पुण्याहून आली, घराला कुलूप लावलं आणि तिला घेऊन गेली. निघताना गाडीत बसूनच सिस्टर मला म्हणाली, "मंडळ सोडणार नाहीये मी. व्हिडिओ कॉल करायचा. मी तिकडून वाचेन."

सगळ्यांना कल्पना फार आवडली. मलाही आवडली, हे कबूल केलं पाहिजे.

पहिल्या गुरुवारी आम्ही नटून बसलो. फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला, तर तिला नुसतं छत दिसायला लागलं. मग तो मी हातात धरला, आणि तेव्हापासून फोन धरणं हे माझंच काम झालं. दीड-दीड तास हात वर करून बसायचं. खांदा भरून यायचा. तिच्या आवाजासाठी पंखा बंद करायचा, कारण पंख्याची घरघर तिला तिकडं ऐकू जायची. चैत्रात, चार वाजता, पंखा बंद करून चार बायका हॉलमध्ये घामाघूम बसलेल्या. बाहेर भंगारवाला ओरडत गेला की सिस्टर थांबायची आणि विचारायची, "काय म्हणालात?"

वाचताना तिचा आवाज तुटायचा. वाक्याचा मधला भाग जायचा, शेवट तेवढा यायचा. कधी चेहरा तसाच थिजायचा, तोंड अर्धं उघडं, आणि आवाज मात्र पुढं चाललेला. तिकडं मुलीच्या स्वयंपाकघरात मिक्सर लागायचा. वाचून झालं की चर्चा. पण चर्चा कसली? इथं एकीनं बोलायचं, मग मी ते फोनमध्ये परत सांगायचं, मग ती उत्तर द्यायची, तोवर इथं विषय दुसरीकडे गेलेला असायचा. मी वाद घालायचं विसरूनच गेले. मी नुसती निरोप पोचवत होते.

आमच्यातल्या बाई, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, आधी उशिरा यायला लागल्या. मग म्हणाल्या, "मी आपली घरीच वाचते हो. डोकं दुखतं." आणखी एक जण लेकीच्या बाळंतपणाला गेली ती परत आली तरी गुरुवारी येईना. मी दारात गाठून विचारलं तर म्हणाली, "तुम्हीच सांगा ना सिस्टरांना. तुमची मैत्रीण आहे."

माझी मैत्रीण होती म्हणूनच तर सांगता येत नव्हतं. प्रत्येक बुधवारी ठरवायचे की आज फोन करून बोलायचं. आणि बुधवारीच तिचा फोन यायचा. "उद्याची पानं मी दोनदा वाचून ठेवलीत गं." मग काय बोलणार?

त्या वेळी आम्ही एक जाडजूड कादंबरी वाचत होतो. त्यातली आई पोरांना टाकून कामासाठी दूर निघून जाते. माझं म्हणणं होतं की लेखकानं तिला फार सहज सोडलंय, जाब विचारलाच नाही. सिस्टरला ते पटत नव्हतं, ती फोनमधून काहीतरी सांगत होती, त्यातलं निम्मं कळत नव्हतं. तेवढ्यात गिरणीवाली बोलली.

तिची कॉलनीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. तास-दीड तास नवऱ्याला बसवून येते, केसांवर पीठ तसंच असतं. माहेर पाथर्डीकडचं. इतक्या वर्षांत ती चर्चेत दहा वेळासुद्धा बोलली नसेल. खाली बघत म्हणाली, "माजी आई दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची. ट्रकात बसायची तवा माज्याकडं बघायचीच न्हाई. मला लई राग यायचा. एकदा काय झालं, मी ट्रकच्या मागं..."

"कोण बोलतंय?" फोनमधून आवाज आला. "ऐकू येत नाहीये. परत सांग. जरा मोठ्यानं!"

गिरणीवालीनं फोनकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "काय न्हाई," म्हणाली. "असंच."

"अगं, सांग की," त्या दिवशी नेमक्या आलेल्या बाई म्हणाल्या.

"न्हाई. जाऊ द्या."

"फोन जवळ ने ना तिच्या," सिस्टर मला सांगत होती. "हॅलो? हॅलो?"

मी लाल बटण दाबलं. विचार वगैरे काही केला नाही, अंगठाच गेला. मग सगळ्यांना म्हणाले, "रेंज गेली." बाईंनी उठून पंखा लावला. गिरणीवालीला आम्ही पुन्हा विचारलं, पण तिनं पिशवी उचलली आणि गिरणीवर गर्दी असेल म्हणून निघून गेली.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला तेव्हा तिलाही मी तेच सांगितलं. पुढच्या गुरुवारी वीस मिनिटांत पुन्हा रेंज गेली. त्याच्या पुढच्या गुरुवारी दहा मिनिटांत. खोटं बोलायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. उलट फोन ठेवून पंखा लावला की आम्ही सगळ्या सैल व्हायचो, आणि त्याचीच मला रात्रंदिवस चीड यायची. स्वतःची, तिची, त्या फोनची.

एका शुक्रवारी सकाळी तिनं साधा फोन केला.

"एक विचारू का? तुमच्याकडची रेंज फक्त गुरुवारीच जाते का गं?"

मी हातातला फडका ओट्यावर ठेवला.

"चाळीस वर्षं पेशंट बघितलेत मी. कोण खोटं बोलतंय ते कळतं मला."

मग माझा तोल गेला. पंखा, खांदा, मिक्सर, बाईंचं डोकं, गिरणीवालीची अर्धी राहिलेली गोष्ट, सगळं एका दमात सांगितलं. जरा जास्तच सांगितलं. "तुझ्यापायी मंडळ मोडायला आलंय," असंही म्हणाले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. त्या दिवशी आवाज अगदी स्वच्छ येत होता.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. दुपारी बघितलं तर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून ती बाहेर पडलेली.

सहा महिने आम्ही बोललो नाही. नाताळला दरवर्षी तिच्याकडून करंज्यांचा आणि केकचा डबा यायचा, या वेळी आला नाही. केक कुणाला हवा होता? पण मी दोन दिवस गेटकडं बघत बसले. शेवटी जानेवारीत एसटी पकडून पुण्याला गेले, न कळवता.

मुलीनं दार उघडलं. म्हणाली, "आई खाली बागेत आहे, मावशी. तिचं वाचन चालू आहे." मी लिफ्टनं परत खाली. सोसायटीच्या बागेत दोन बाकडी समोरासमोर ओढून घेतलेली, सात-आठ बायका बसलेल्या, आणि मध्ये सिस्टर, काठी मांडीवर आडवी टाकून वाचत होती. आमचीच कादंबरी. मला पाहिलं, पण थांबली नाही. मी कडेला बसले. प्रकरण संपल्यावर ती त्या बायकांना सांगायला लागली की लेखकानं या आईला फार सहज सोडलंय, इथं तो घाबरलाय. माझं वाक्य! जसंच्या तसं. आणि बायका माना डोलावतायत.

"तुला तर हे पटत नव्हतं," मी मोठ्यानं म्हणाले.

"पाहुण्यांनी शेवटी बोलायचं," सिस्टर म्हणाली.

तिला तिकडं दुसरं मंडळ मिळालं, याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला राग आला, आणि रडूही.

मला रिक्षा मिळवून द्यायला ती गेटपर्यंत हळूहळू चालत आली. म्हणाली, "तू तोंडावर सांगितलं असतंस तर मी चार दिवस रुसले असते. मला रेंजचं कारण सांगितलंस. मला!"

"चुकलं," मी म्हणाले.

"चुकलंच."

त्यावर तिनं मला जवळ वगैरे घेतलं नाही. रिक्षावाल्याला शिवाजीनगर स्टँड सांगितलं आणि माझ्या पिशवीत एक डबा सरकवला. त्यात करंज्या नव्हत्या, थालीपीठ होतं.

आता शुक्रवारी आम्ही फोनवर बोलतो, दोघीच. आमच्याकडं काय झालं ते मी सांगते, तिच्याकडचं ती. तिच्या बायका लवकर सहमत होतात, ही तिची तक्रार. आमच्या बायका परत आल्यात, पण आता पाळीपाळीनं वाचतात, आणि ऐकवत नाही. बाई वर्गात शुद्धलेखन घातल्यासारखं वाचतात. गिरणीवाली वाचायला लागली की त्या तिचे उच्चार सुधारत बसतात आणि मी बाईंवर खेकसते. तिची ती ट्रकची गोष्ट मी दोनदा विचारली. "इसारले मी," म्हणते. ती विसरलेली नाही.

गेल्या गुरुवारी माझी पाळी होती. तिसऱ्या पानावर माझ्याच लक्षात आलं की मी कुठंच न थांबता वाचत चाललेय. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, चहा टाकते.