एकही फुगली नाही

समीर स्पर्धेच्या मैदानावर बॅटऱ्या तपासत होता. बिघडलेली बॅटरी फुगते, म्हणून आंबा पिकलाय का बघावं, तशी एकेक हळूच दाबत होता. आमचं मॉडेल विमान तोच उडवणार होता. बाकी सगळी टीम विमानाने आली. विमानात नेता येत नाहीत म्हणून पंखांचं लांब खोकं आणि बॅटऱ्या घेऊन मी दोन दिवस रेल्वेने आलो. "तुला सवय आहे रे," समीर म्हणाला होता. माझ्या बर्थवर पंख झोपले, मी कडेला बसून राहिलो. नाजूक वस्तू जपायला टणक माणूस लागतो, असं बहुधा आधीच ठरलेलं असतं.

"एकही फुगली नाही!" समीर खूश झाला. मी सुजलेले पाय बुटांत कोंबले.

तेवढ्यात आईचा फोन आला. मीही विमानाने आलो, असंच तिला सांगितलंय.

"वरून आपलं गाव दिसलं का रे?"

"दिसलं," मी म्हणालो. "फार लहान दिसलं."