रिकाम्या मॅगझिनवरचा अंगठा

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. काल बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये खिडकीच्या बिजागरीला मशीनचं तेल घालत होते, आणि त्या वासासरशी बाबा आठवले.

आई गेल्यावर मी त्यांना इथे परदेशात माझ्याकडे आणलं होतं. सैन्यात तीस वर्षं बंदुका दुरुस्त केलेला माणूस दिवसभर सोफ्यावर बसून असायचा आणि रोज विचारायचा, "माझं परतीचं तिकीट कधीचं गं?"

माझे सहकारी मिस्टर टॅन नेमबाजीच्या क्लबात जायचे. त्यांच्याकडे हौसेने नीट करून घेतलेलं शंभर वर्षांपूर्वीचं पिस्तूल होतं, पण दर दुसरी गोळी आत जाताना अडकायची. एका रविवारी मी बाबांना तिथे नेलं. पाहुण्यांना पिस्तुलाला हात लावता येत नसे, म्हणून टॅननी अडचण सांगून नुसतं गोळ्या भरायचं रिकामं मॅगझिन बाबांच्या हातात दिलं. बाबांनी डोळे मिटून अंगठ्याने आतली स्प्रिंग दोनदा दाबली.

"त्यांना सांग, पिस्तूल उत्तम आहे. स्प्रिंग थकलीय, गोळीला वेळेवर वर ढकलत नाही."

पुढच्या रविवारी नवी स्प्रिंग घातल्यावर सातही गोळ्या न अडकता सुटल्या. "अंकल, यू व्हेरी गुड लाह!" टॅन ओरडले. परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बाबा मला स्प्रिंगांविषयीच सांगत राहिले.

हत्यार पाहून खूश झाले, असं तेव्हा वाटलं होतं. आता स्वतः घरी बसल्यावर कळतं. आम्ही त्यांना दिवसभरात 'चहा घेणार का' एवढंच विचारत होतो. टॅननी त्यांना आपली अडचण सांगितली होती.