फिटरकाकांच्या लाल मुनिया

ओठांवर बोट ठेवून उभा असलेला माणूस तुम्ही पाळण्याजवळ पाहिला असेल. आमच्या खोपोलीच्या चाळीतले फिटरकाका पिंजऱ्याजवळ तसे उभे राहायचे. कुणी बादली जरा आपटली की लगेच, "हळू रं! बसंल ती आता अंड्यावर." अंडं अजून एकही नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

काका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मी शेजारच्या खोलीत राहून शाळेत शिकवायची. संध्याकाळी ते मला गाठून पाखरांबद्दल बोलत, कारण बाकी कुणी थांबायचं नाही. खरं सांगते, मलाही कंटाळा यायचा. पण माझ्यापुढे बोलले नसते तर ते भिंतीशी बोलले असते.

उन्हाळ्यात त्यांनी शिळफाट्याच्या बाजारातून लाल मुनियांची ही जोडी आणली. चिमणीहून लहान, मातकट पाखरं. लाल फक्त चोच आणि शेपटीच्या वरचा भाग. त्या दिवसांत नर-मादी सारखीच दिसतात. पाखरंवाला म्हणाला होता, पावसाळ्यात नर लालभडक होईल, मादी अशीच राहील.

पावसाळ्यात एक खरोखरच लाल झाला, अंगावर पांढरे ठिपके फुटले. काकांनी चाळभर पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले. "बघा बाई, हा नर आन् ही मादी. आता घरात पिल्लं." रोज माळावरून लांब गवत आणायचे. नर काडी काडी ओढून कोपऱ्यात घरटं रचायचा, गोल, बाजूला दार ठेवून. काका तासन्‌तास बघत बसायचे. इतक्या वर्षांत त्या खोलीत कुणी घर मांडलं नव्हतं.

मग 'मादी'चं पोट पिवळसर दिसायला लागलं.

"काका, ही बदलतेय."

"जात निराळी हाय तिची. ब्रह्मदेशाकडची पोटाला पिवळी असत्यात, पाखरंवाला बोललाय."

पुढच्या आठवड्यात ब्रह्मदेशची मादी छातीला लाल झाली. मग पाठीला. मग पांढरे ठिपके. सगळी चाळ पोट धरून हसली. "फिटरकाकांच्या सूनबाईला मिशा फुटल्या!" काकाही हसले, पण दुपारी त्यांनी दार लावून घेतलं. मला फार वाईट वाटलं.

मी सुचवलं, एक नर परत करा आणि मादी आणा.

"आन् जाणाऱ्याला काय सांगू? तू ऊठ हितनं?" पिंजऱ्यात दोघं दांडीवर अंगाला अंग लावून बसले होते. एक दुसऱ्याची मान चोचीने खाजवत होता. काका मग म्हणाले, "ह्यांनी माझ्यासारखं सडं कशाला ऱ्हायचं?"

भात निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या सुमारास माळावर मुनियांचे थवे उतरले, तेव्हा आम्ही पिंजरा तिकडे नेला. काकांनी दार उघडलं. एक भुर्रकन गेला. दुसरा दारात बसून राहिला. गवतातून पहिल्याची बारीक चिवचिव आली, तसा तोही गेला. "गेली बरं का," काका म्हणाले आणि रिकामा पिंजरा छातीशी धरून परत आले.

त्यानंतर ते रोज माळाच्या कडेला जाऊन बसायचे. दिवाळीपर्यंत छातीठोक सांगायचे, तो बाभळीवरचा आपला. पण थंडी सरत आली तसे माळावरचे सगळे नर लाल रंग टाकून मातकट झाले. एका संध्याकाळी मी त्यांना बोलवायला गेले. समोर थवाच्या थवा गवताला लोंबकळत होता.

"बाई, आता माझीच पाखरं मला वळखू येत नायत."

"पिल्लं झाली असतील काका त्यांना."

"झाली असतील तं बरंच. पन कुनाला इचारू?"

पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही. झोपेतच गेले. कर्जतहून कुणी पुतण्या टेंपो घेऊन आला, त्याला आम्ही कुणीच कधी पाहिलं नव्हतं. त्याने खाट काढली, ट्रंक काढली, मग पिंजरा हातात घेऊन मला विचारलं, "पाखरं मेली काय वो?"

"नाही," मी म्हटलं. "गवतात घर केलं त्यांनी. पिल्लं झाली दोघांनाही."

बारशाला जाऊन आल्यासारखं ठासून सांगितलं मी. त्याने मान हलवली आणि पिंजरा टेंपोत टाकला.